अण्णांचा रिपोर्ट

कोथरूडच्या आमच्या सोसायटीत अण्णांची शिंक तिन्ही विंगना ऐकू जाते. एकीवर थांबतील तर ते अण्णा कसले! सलग सात-आठ होतात आणि शेवटची झाली की बाल्कनीतून गुलमोहराकडे एक जळजळीत कटाक्ष. गुलमोहराचा खरा गुन्हा म्हणजे तो अण्णांच्या गाडीवर फुलं ढाळतो. तो फुलतो ऐन उन्हाळ्यात आणि अण्णा शिंकतात बारा महिने, हा तपशील गौण. सेक्रेटरी झाड तोडायला तयार होईनात, तेव्हा अण्णांनी रक्ताचा पुरावा आणायचं ठरवलं.

या रक्ततपासणीला उपाशी राहावं लागत नाही आणि ॲलर्जीची गोळीही बंद करावी लागत नाही; ती अट कातडीवर टोचून करतात त्या चाचणीला. लॅबच्या पोराने हे फोनवर दोनदा सांगितलं होतं. तरी अण्णा आदल्या रात्रीपासून निर्जळी. "रिपोर्ट चुकला तर तू येणार आहेस का भांडायला?"

रिपोर्टात गुलमोहराचं नावच नव्हतं. त्याचे परागकण जड आणि चिकट, ते वाऱ्यावर फारसे उडत नाहीत. उडतात ते वावळाचे, थंडी सरताना; पण वावळाची फुलं कुणाच्या नजरेतच भरत नाहीत, म्हणून आळ कायम देखण्या झाडावर. धुळीतल्या माइटचा आकडा मात्र २३, म्हणजे चौथी श्रेणी. अण्णांनी ते पान उलटलं. गादीतल्या यःकश्चित किड्याने आपल्याला शिंकवावं? शेवटी एक ओळ सापडली: बर्च, ०.४१. उंबरठा ०.३५ चा, म्हणजे जेमतेम आत.

झालं! बर्च म्हणजे आपल्या भूर्जाच्याच कुळातला. महाबळेश्वरच्या वर कधी न गेलेले अण्णा एका दिवसात हिमालयाचे झाले. "आमच्याकडे भूर्जपत्रावरच्या पोथ्या होत्या ना, तिथून आलंय हे रक्तात!"

डॉक्टरांनी परोपरीने समजावलं. "अण्णा, रक्तात आयजीई, म्हणजे ॲलर्जीचं प्रतिपिंड, सापडलं म्हणजे त्रास त्याचाच असं नसतं. दुसऱ्या एखाद्या परागामुळेही बर्चचा आकडा थोडा वर जातो. तुम्ही आधी गादी उन्हात टाका." कट्ट्यावर याचा वृत्तांत आला तो असा: "डॉक्टर म्हणाले, केस दुर्मीळ आहे." सोबत लॅमिनेट केलेला रिपोर्ट हातोहात फिरला. आयजीईचा शोध लागला १९६६-६७ च्या सुमारास. त्याआधी अशी माणसं कट्ट्यावर काय फिरवत असतील कोण जाणे.

मग कुणीतरी सांगितलं की बर्चवाल्यांना कच्च्या सफरचंदानेही तोंडाला खाज सुटते. अण्णांनी त्याच संध्याकाळी सफरचंद वर्ज्य केलं.

"अहो, सकाळीच अख्खं खाल्लंत की! काही झालं का?" काकूंनी विचारलं.

"तेव्हा मला माहीत नव्हतं," अण्णा म्हणाले आणि खाजवू लागले.