सोवळ्यातला वाटसरू

इंग्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या सेंट बीजहून निघून पूर्वेच्या रॉबिन हूड्स बेला पोचणारी पायवाट सुमारे १९० मैलांची. आल्फ्रेड वेनराइट यांनी १९७३ साली पुस्तक लिहून ती लोकप्रिय केली. तिच्यावर हे गृहस्थ हटकून भेटतात. नुकतेच निवृत्त, गळ्यात प्लास्टिकच्या पाकिटात नकाशा, आणि पाकिटात पाणी.

नमस्कार-चमत्कार झाले की पहिला प्रश्न, "तुमचं सामान कुठंय?" इथे एका मुक्कामावरून दुसऱ्या मुक्कामाला बॅगा पोचवणाऱ्या गाड्या आहेत. तुमची बॅग गाडीतून गेली असं कळलं की गृहस्थ "अरे वा, छान" म्हणतात. त्या 'छान'मध्ये तुमचे आजवरचे सगळे मैल बाद झालेले असतात.

त्यांचं ओझं त्यांच्याच पाठीवर. वजन वाचवायला टूथब्रशचा दांडा अर्धा कापलेला, सदऱ्यांची लेबलंसुद्धा उसवलेली. आणि खिशात दगड! सेंट बीजच्या किनाऱ्यावरचा खडा उचलून पलीकडच्या समुद्रात टाकायचा, असा इथला प्रघात. लोक बोराएवढा खडा घेतात, यांनी चांगला लिंबाएवढा निवडलेला.

वाटेतल्या नाइन स्टँडर्ड्सच्या डोंगरावरची पीटची दलदलीची जमीन पायांनी झिजू नये म्हणून ऋतूप्रमाणे वेगवेगळ्या वाटा आखून दिलेल्या. त्यावर न्याहारीला, अंडी-सॉसेज संपेपर्यंत, त्यांचं प्रवचन. दुपारी गाठ पडते तेव्हा स्वारी गुडघाभर चिखलात. "जरा ओलसर आहे," एवढंच म्हणतात.

मुक्काम वाटेपासून आडबाजूला असला तर यजमानीणबाई मोटार घेऊन वाटेवरच्या फाटकाशी न्यायला येतात. गृहस्थ नाइलाजाने बसतात. सकाळी मात्र बाईंनी त्याच फाटकाशी सोडायचं. उतरल्यावर फाटकाला हात लावतात, मग पहिलं पाऊल. मधलं वीतभर अंतर राहून गेलं तर?

खुद्द वेनराइट यांचा आग्रह होता की वाचकांनी आपापली वाट शोधावी. ते पानही यांना पाठ आहे. "ते इतरांसाठी लिहिलंय," म्हणतात.

शेवटी रॉबिन हूड्स बे. बूट समुद्रात बुडवायचे, दगड भिरकावायचा, बे हॉटेलातल्या वहीत नाव लिहायचं, ते सगळं यथासांग होतं. गाव तीव्र उतारावर, बस मिळते ती वर. गृहस्थ बिअरचा ग्लास खाली ठेवून काउंटरवर वाकतात.

"वरपर्यंत टॅक्सी मिळेल का हो?"