थांबण्याचे काय घ्याल?

प्रति,
मा. किनारा-सहल अधिकारी,
पाचवा डेक, काचेची खिडकी, कॉफीच्या दुकानासमोर.

विषय : रोम दाखवल्याबद्दल आभार, आणि एक मागणी.

महोदय,



आपल्या जहाजावर बार्सिलोनाला चढून पिरेयसला उतरलेला मी एक प्रवासी. केबिन आतली, खिडकी नसलेली. आपल्याला मी आठवत असेन. रोज रात्री जेवण झालं की आपल्या खिडकीशी येऊन भाव विचारायचा आणि "घरात विचारून सांगतो" म्हणत काढता पाय घ्यायचा, तोच मी. घर माझ्या शेजारीच उभं असायचं.

सर्वांत आधी भूगोलाबद्दल आभार. आपल्या छापील पत्रकात "रोम" असं लिहिलं होतं. सकाळी सात वाजता पडदा बाजूला करून (म्हणजे टीव्हीवर बाहेरचं दृश्य दाखवणारं चॅनेल लावून) पाहिलं, तर क्रेन, कंटेनर आणि चिव्हितावेक्किया. रोम तिथून सत्तर-ऐंशी किलोमीटर. पुणं दाखवतो म्हणून लोणावळ्याला उतरवावं, तसं हे झालं. मग आपली परिभाषा हळूहळू कळत गेली. "फ्लॉरेन्स" म्हणजे लिव्होर्नो, नव्वद किलोमीटर अलीकडे. "पॅरिस" म्हणजे ले हाव्र, दोनशे किलोमीटर. "बर्लिन" तर चक्क बाल्टिकच्या काठावर, वार्नेम्युंडेला. व्हेनिसमध्ये मोठ्या जहाजांना सान मार्कोच्या चौकासमोरून जायला 2021 च्या ऑगस्टपासून बंदी आहे, तेव्हा काही जहाजांचं "व्हेनिस" आता राव्हेन्नाला लागतं. ते अंतर आपलं मुंबई-पुणं धरा. बंदर आणि गाव यांच्यामध्ये ही जी मोकळी जागा राहते, तिच्यात आपलं दुकान उभं आहे हे माझ्या जरा उशिरा लक्षात आलं.

दुकान मात्र झकास चालतं. आमच्या जेवणाच्या टेबलावर नागपूरचे काका-काकू होते. त्यांनी आपली एकही सहल सोडली नाही. त्यांची सकाळ जहाजाच्या नाट्यगृहात सुरू व्हायची. छातीवर नंबराचं स्टिकर, कानात गाइडचा आवाज येणारं यंत्र, आणि नंबर पुकारला की उठायचं. खाली धक्क्यावर बसगाड्या ओळीनं लागलेल्या. पुढे गाइड नंबराची पाटी उंच धरून चालायची आणि मागे पन्नास माणसं. वारीतल्या दिंड्यांचीही अशीच ओळख असते, पण दिंडीत निदान कोणी अभंग तरी म्हणतं. इथे प्रत्येकाच्या कानात एकच बाई, एकाच सुरात, "उजवीकडे पाहा" म्हणत असायची. काका म्हणाले, "कोलोसियम झालं. मुखदर्शन घेतलं." पंढरपूरला गर्दीच्या दिवशी लांबूनच मुखदर्शन घेऊन बाहेर पडतात, तो शब्द रोमला इतका चपखल बसेल असं मला वाटलं नव्हतं.

आम्ही त्या दिवशी ट्रेननं गेलो. बंदराच्या आत पायी फिरता येत नाही, म्हणून जहाजापासून फाटकापर्यंत फुकटची बस, मग स्टेशन, मग साधी लोकल. माणशी पाचेक युरो. तिकिटावर यंत्रात शिक्का मारून घ्यायचा, नाहीतर तिकीट असूनही दंड. तासाभरात सान पिएत्रो स्टेशनला उतरलो आणि दहा-पंधरा मिनिटं चालल्यावर समोर सेंट पीटर्सचा घुमट. त्याच सहलीचा आपण माणशी जो भाव सांगितला होता, तो मी इथे लिहीत नाही. हे पत्र आमच्या सासूबाईही वाचतील.

त्या दिवशी आम्ही काय पाहिलं ते विचाराल तर उत्तर जरा पडेल वाटेल. पँथिऑनच्या घुमटाला मधोमध जे भोक आहे, त्याखाली उभं राहून मान दुखेपर्यंत वर पाहिलं. मग गल्लीतल्या नळावर पाणी प्यालो. रोमभर असे ओतीव लोखंडाचे नळ आहेत, अखंड वाहणारे. त्यांना तिथले लोक "नाझोने", म्हणजे मोठ्या नाकाचा, म्हणतात. त्या नाकाच्या वरच्या बाजूला एक छोटं भोक असतं. खालची धार बोटानं दाबली की वरून कारंजं उडतं. हे मला एका शाळकरी पोरानं शिकवलं, आणि माझा शर्ट भिजल्यावर आनंदानं पळून गेला. नंतर आम्ही एका पायरीवर चाळीस मिनिटं बसलो. काही केलं नाही, नुसतं बसलो. आपल्या पत्रकात सगळ्या सहली तपासून पाहिल्या, पायरीवर बसणं कशातच नाही.

आता दुकानांविषयी. एस.टी. लांबच्या पल्ल्याला निघाली की एका ठरावीक धाब्यावर थांबते. तिथला वडा गार, चहा गोड आणि ड्रायव्हर-कंडक्टरचं जेवण वेगळ्या टेबलावर. हे महाराष्ट्रात पोराटोरांना ठाऊक असतं आणि त्यात कोणाला वाईट वाटत नाही. आपण मात्र त्याच धाब्याला "स्थानिक कलेचा अनुभव" असं सुरेख नाव दिलंत. काकांची पॉम्पेईची सहल वाटेत शिंपल्यावर कोरीव काम करणाऱ्या एका कारखान्यात थांबली. एक कारागीर पाच मिनिटं कोरताना दिसला, बाकीचा वेळ गल्ला दिसला. काकूंनी सांगितलं, तिथे पाऊण तास आणि पॉम्पेईत दीड. इसवी सन 79 मध्ये व्हेसुव्हियसनं अख्खं शहर राखेखाली झाकलं, ते उकरून काढायला लोकांनी अडीचशेहून जास्त वर्षं घातली, आणि आपण ते दीड तासात उरकलंत. कार्यक्षमता म्हणतात ती हीच. काकूंनी ब्रोच घेतला. सुंदर आहे, खोटं कशाला बोलू.

इतकं लिहिल्यावर आपल्याला वाटेल, हा गृहस्थ स्वतःच्या हुशारीवर भलता खूश आहे. होतो. लिव्होर्नोपर्यंत.

पत्रात प्रामाणिक असावं म्हणून तोही दिवस सांगतो. ट्रेननं फ्लॉरेन्सला पोचलो. चौकातला डेव्हिडचा पुतळा पाहिला. तो नक्कल आहे आणि 1910 पासून तिथे उभा आहे, अस्सल अकादेमिया संग्रहालयात. तिथल्या रांगेत उभं राहण्याचं धैर्य आमच्यात नव्हतं. कारण एकच, घड्याळ. साडेपाचला जहाजावर हजर, सहाला जहाज सुटणार. त्या दिवशी मी डेव्हिडकडे पाहिलं त्याच्या दसपट वेळा मनगटाकडे पाहिलं. परतताना हिनं पीसाला उतरून मनोरा बघायचा हट्ट धरला. उतरलो, मनोरा कलला असल्याची खात्री करून घेतली, घाईघाईनं स्टेशनात आलो आणि समोर लागलेल्या गाडीत बसलो. गाडी सुरू झाल्यावर शेजारच्या आजींना "लिव्होर्नो?" विचारलं. आजींनी हात मागे, अगदी मागे दाखवला. आम्ही उत्तरेला निघालो होतो. चूक शंभर टक्के माझी. पाटी वाचली नव्हती. पुढचं स्टेशन येईपर्यंत ही एक शब्द बोलली नाही, आणि सत्तावीस वर्षांच्या संसारात मला त्या शांततेइतकी भीती कशाचीच वाटलेली नाही.

आमचे पासपोर्ट आपल्या जहाजाच्या तिजोरीत. खिशात झेरॉक्स, जहाजाचं प्लॅस्टिकचं कार्ड आणि पन्नास युरो. जहाज चुकलं तर पुढच्या बंदरापर्यंत स्वखर्चानं जा, असं आपल्याच नियमावलीत बारीक अक्षरात लिहिलंय. बारीक अक्षरं संकटात आपोआप मोठी दिसतात. कशीबशी उलटी गाडी मिळाली, मग टॅक्सी, आणि धक्क्यावर आम्ही दोघं, वय वर्षं अठ्ठावन्न आणि चोपन्न, धावलो. वरच्या डेकच्या कठड्याला लोक रेलून उभे. उशिरा येणाऱ्यांची पळापळ बघणं हा जहाजावरचा फुकटचा आणि लोकप्रिय कार्यक्रम आहे असं नंतर कळलं. टाळ्या पडल्या. त्यात नागपूरचे काका सर्वांत पुढे, हातात आइस्क्रीम.

आणि त्यानंतर, महोदय, वीस मिनिटांनी आपली एक बस आली. वाहतुकीत अडकली होती म्हणे. जहाज तिच्यासाठी शांतपणे थांबलं होतं. पन्नास माणसं हसत, गप्पा मारत, पिशव्या सांभाळत सावकाश चढली. त्यांच्यापैकी एकाच्याही कपाळावर घाम नव्हता.

तेव्हा मला कळलं की आपण विकता ते हे. रोम, फ्लॉरेन्स ही नुसती वेष्टनं. आपली बस उशिरा आली तर जहाज थांबतं. माझी ट्रेन उशिरा आली तर जहाज जातं. इटलीत रेल्वेचे संप नवे नाहीत. संप असला तरी कामाच्या दिवशी सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी सहा ते नऊ एवढ्या वेळात ठरलेल्या गाड्या सोडण्याचं बंधन असतं, बाकी दिवस देवावर. सहाला सुटणाऱ्या जहाजाला ती संध्याकाळची वेळ काय कामाची? म्हणजे भीती खरी आहे, आणि खऱ्या भीतीवरचा उतारा महाग असणारच.

सांतोरिनीला तर मी खिडकीत पैसे मोजून मोकळा झालो, हे आपल्या दफ्तरी असेलच. तिथे जहाज धक्क्याला लागत नाही, लहान होड्यांनी जावं लागतं. आपल्या पाहुण्यांची होडी आधी सुटते, अथिनियोसला लागते आणि पुढे बस थेट वर. स्वतंत्र बाण्याची मंडळी मात्र जुन्या बंदरात उतरून केबल कारची रांग, पाचशे अठ्ठ्याऐंशी पायऱ्या आणि गाढवं यांतून निवड करत बसतात. 2025 पासून तिथे दिवसाला आठ हजारच क्रूझ प्रवासी घ्यायचं ठरलं आहे, आणि भर हंगामात माणशी वीस युरो करही बसतो. आठ हजार माणसं आणि एक केबल कार हे गणित मला जमलं. बाणा केबिनमध्ये ठेवून गेलो.

आता पिरेयसची एक जुनी गोष्ट. 1867 साली "क्वेकर सिटी" नावाचं अमेरिकन सहलीचं जहाज तिथे आलं होतं. मार्क ट्वेन त्यावर होता. बंदरात क्वारंटाइन लागू, कोणी उतरायचं नाही. ट्वेन आणि तिघं जण रात्री गुपचूप होडीनं किनाऱ्याला लागले, वाटेत मळ्यांतली द्राक्षं चोरत चालत अथेन्सला गेले, अ‍ॅक्रॉपोलिसच्या पहारेकऱ्यांचे हात ओले केले, चांदण्यात पार्थेनॉन पाहिलं आणि उजाडायच्या आत जहाजावर हजर. बंदरापासून अथेन्सला जाणारी रेल्वे सुरू व्हायला अजून दोन वर्षं होती. आज तीच मेट्रोची हिरवी लाइन आहे. अ‍ॅक्रॉपोलिसवर आता ठरावीक वेळेचं तिकीट लागतं आणि द्राक्षांच्या जागी वस्ती झाली आहे. तरी आपल्या सगळ्या सहलींत मिळून तेवढी मजा नसेल. आणि जहाज काही त्या चौघांसाठी थांबणार नव्हतं.

म्हणून माझी मागणी. आपण ते थांबणं सुटं विकावं. मला बस नको, पाटी नको, कानातली बाई नको, दुपारचं सामुदायिक पेन्ने नको, शिंपल्यांचा कारखाना तर नकोच. किराणा दुकानात पाव किलो सुटी साखर मिळते, तसं "जहाज अर्धा तास थांबेल" एवढं एक कुपन द्यावं. त्याचे काय घ्याल ते सांगा, मी घरात विचारून येतो. आपण ते विकणार नाही हे मला माहीत आहे. ते सुटं मिळालं तर नाट्यगृहात सकाळी स्टिकर लावायला किती जण बसतील?

निदान एवढं करा. पत्रकात "रोम" छापाल तिथे खाली त्याच आकाराच्या अक्षरांत "चिव्हितावेक्किया, ऐंशी किलोमीटर" असंही छापा.

जाता जाता नेपल्सबद्दल. तिथे आपली कोणालाच गरज नाही, कारण जहाज गावाच्या उंबऱ्याशी लागतं. काका-काकू पॉम्पेईच्या बसमध्ये चढत होते तेव्हा मी मोठ्या तोऱ्यात म्हणालो, "काका, पॉम्पेईत काय आहे? चांगल्या वस्तू सगळ्या इथल्या पुराणवस्तू संग्रहालयात आणून ठेवल्यात." त्यातच एक हस्तिदंती बाई आहे, जेमतेम वीतभर उंच, अंगभर दागिने. 1938 साली पॉम्पेईच्या राखेतून निघाली. तिला पॉम्पेईची लक्ष्मी म्हणतात. तशाच घडणीची मूर्ती आमच्या जालना जिल्ह्यात भोकरदनला, म्हणजे जुन्या भोगवर्धनाला, उत्खननात सापडली आहे, म्हणून ही तिकडूनच गेली असावी असं काही अभ्यासक मानतात. माझं आजोळ भोकरदनचं. दोन हजार वर्षांपूर्वी कोणत्याही खिडकीवर न विचारता निघालेली माहेरवाशीण तिथे बसली आहे, आणि आपल्या एकाही सहलीत तिचं नाव नाही. बंदरासमोरच्या मुनिचिपिओ स्टेशनातून मेट्रो पकडायची, तिसरं स्टेशन म्युझेओ. आम्ही गेलो. दहा मिनिटांत दारात.

दार बंद होतं. ते संग्रहालय मंगळवारी बंद असतं.

आपला नम्र,
आतल्या केबिनमधला प्रवासी