वॉचमनचा पगार कोणत्या बुशात?

भोसरीतला एखादा छोटा कारखाना घ्या, पितळी बुश बनवणारा. पितळ किती लागले, लेथवरची मजुरी किती, हे सॉफ्टवेअर चोख सांगते. घोडे अडते वॉचमनपाशी. त्याचा पगार, शेडचे भाडे, कॉम्प्रेसरची वीज नेमकी कोणत्या बुशाच्या माथी मारायची?

टॅलीच्या मॅन्युफॅक्चरिंग जर्नलमध्ये जादा खर्च टक्क्यांत टाकायची सोय आहे. तिथे कोणीतरी कधीतरी १२ टाकून ठेवलेले असतात. १२च का? टाकणारा नोकरी सोडून गेला. आकडा मात्र कायम झाला.

खरी गंमत दिवाळीत. समजा, स्थिर खर्च महिन्याला ८०,००० आणि बुश ४,०००. नगामागे २० रुपये. सुट्ट्यांमुळे १,०००च निघाले, की तोच बुश ८० रुपयांचा बोजा घेऊन गोदामात ऐटीत बसतो. मालसाठ्याचे मूल्य ठरवणाऱ्या लेखा मानक २ला हे चालत नाही. स्थिर उत्पादनखर्च नेहमीच्या क्षमतेवर वाटायचा, उरलेले ६०,००० सरळ त्याच काळाच्या खर्चात. पण मग नफा आक्रसतो, साठ्याची किंमतही घटते, आणि बँकेला तर स्टॉक स्टेटमेंट द्यायचे असते!

सॉफ्टवेअर बिचारे काय करणार? ८० सांगितले, ८० छापले. तेही दोन दशांश स्थळांपर्यंत.