तोंडी बेरजेचे खेळ: योजना, अंमलबजावणी व नोंदी

दुसरीच्या वर्गाला तोंडी बेरीज खेळातून शिकवण्याचे काम अंगावर घेणाऱ्या शिक्षकाने सर्वप्रथम 'खेळ' या संज्ञेची व्याख्या पक्की करून घ्यावी. मधल्या सुट्टीत मुले आपण होऊन जे करतात, त्यास दंगा म्हणतात. तेच टाचणात लिहून, अध्ययन निष्पत्तीचा क्रमांक घालून आणि छायाचित्र काढून केले, की त्यास कृतियुक्त अध्ययन म्हणतात. दोन्हीकडे चिंचोके तेच असतात, ही बाब गौण समजावी.

आरंभ 'झाकलेले किती' या खेळाने करावा. दहा चिंचोके मोजून घेऊन त्यांतले काही बशीखाली झाकावेत आणि उरलेल्यांवरून झाकलेले ओळखायला सांगावेत. ज्या दोन संख्या मिळून दहा होतात अशा दहाच्या जोड्या, म्हणजे सात-तीन, सहा-चार वगैरे, मुलाच्या जिभेवर याव्यात हा याचा हेतू असून पुढची बरीचशी तोंडी बेरीज याच जोड्यांवर उभी राहते. कारण आठ अधिक सात करताना सातांतले दोन आठांना देऊन दहा पुरे केले, की पंधरा म्हणायला वेळ लागत नाही. या खेळात मुलाने बोटे वापरल्यास त्याला हटकण्याची प्रथा आहे. पाच-पाचांत विभागलेली दहाची मांडणी प्रत्येकाच्या हाताशी फुकट उपलब्ध आहे आणि फुकट मिळालेल्या शैक्षणिक साहित्याची पावती जोडता येत नाही, एवढे कारण त्यासाठी पुरेसे आहे. गैरहजर मुले बोटांच्या पेरांवर मोजणाऱ्या शिक्षकाने मात्र तेवढ्यापुरता हात पाठीमागे घ्यावा.

दुसरी पायरी पत्त्यांची. कॅटमधून चित्रांची पाने आणि दश्श्या बाजूला काढल्या असता ३६ पाने उरतात व एक्का म्हणजे एक धरल्यास त्यांच्या दहाच्या बरोबर १८ जोड्या लागतात, एकही पान अनाथ राहत नाही. प्रत्येकी पाच पाने वाटावीत, मुलाने हातातल्या सत्तीसाठी शेजाऱ्याकडे तिर्री मागावी, ती नसल्यास गड्डीतून पान उचलावे. मात्र शाळेत पत्ते सापडणे आणि ते शिक्षकाच्याच टेबलावर सापडणे हा नाजूक विषय असल्याने बदामाच्या जागी आंबा व इस्पिकाच्या जागी पिंपळपान काढून त्यांस 'संख्यापत्रे' असे नाव द्यावे, म्हणजे केंद्रप्रमुखही दोन डाव बसतील.

सापशिडीविषयी थोडे सविस्तर सांगणे भाग आहे, कारण ती सर्वत्र मिळते आणि सर्वत्र चुकीची वापरली जाते. ३८ वर उभ्या असलेल्या मुलाला सहा पडले, तर दोन देऊन ४० गाठावेत आणि उरलेले चार चालून ४४ वर जावे, अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात मूल सोंगटी सहा वेळा आपटत जाते आणि बेरजेचा संबंध येत नाही. शिवाय पट नागमोडी असतो: एक ओळ डावीकडून उजवीकडे, तर पुढची उलटी. त्यामुळे ३८ च्या डोक्यावर ४८ नसून ४३ येतात आणि दहा मिळवणे म्हणजे नेमके कोठे जाणे, हे पटावरून कळतच नाही. शंभरच्या तक्त्यात ३८ च्या थेट खाली ४८ असतात, म्हणून साप आणि शिड्या त्यावरच खडूने काढाव्यात. सोंगटी आपटण्यास बंदी घालून 'कोठे पोचणार ते आधी सांगा' हा एकच नियम ठेवल्यास वर्गात अचानक शांतता पसरते. तिचा अर्थ शिस्त असा लावू नये.

येथवर मुले बरी चाललेली असतात, म्हणून याच सुमारास उभी मांडणी शिकवून टाकावी. ९९ अधिक एक हे गणित एकाखाली एक मांडले, की एककाचा हातचा दशकावर आणि दशकाचा शतकावर असे दोन हातचे घेऊन उत्तर येते, आणि शंभर हे ज्याला दिसतच होते त्या मुलाला ते सिद्ध करण्याची सवय लागते. तोंडी बेरजेत संख्यांचे वाचनही आडवे येते: २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'एकवीस'च्या जोडीने 'वीस एक' आले तेव्हा भाषा बुडाल्याची हाकाटी झाली. वास्तविक 'शेहेचाळीस'मधले चाळीस आणि सहा वेगळे काढायला लहान मुलाला कष्ट पडतात आणि तीस मिळवताना तीच फोड लागते, हे म्हणणे खोटे नव्हते. पण त्याच जुन्या वाचनात 'एकोणपन्नास' म्हणताच पन्नासाला एक कमी हे आयते हाती येते, म्हणजे एकोणपन्नास अधिक छत्तीस करताना छत्तीसातला एक उचलून पन्नास अधिक पस्तीस, पंच्याऐंशी. वाद घालणाऱ्या दोन्ही पक्षांनी आपापल्या सोयीचाच आकडा उचलला, यावरून त्यांची तोंडी तयारी चांगली असावी.

दुकान-दुकानाचा खेळ शेवटी ठेवावा. सदतीस रुपयांच्या मालासाठी पन्नासाची खोटी नोट आली असता दुकानदार मूल वजाबाकी करत नाही; 'तीन, चाळीस; दहा, पन्नास' असे म्हणत तेरा रुपये टेकवते, म्हणजे पुढे मोजत जाते. ही रीत त्याला कोणी शिकवलेली नसल्यास तपासणीच्या वेळी तसे सांगू नये.

सत्राअखेर साहित्य डेडस्टॉक रजिस्टरशी ताडून पाहावे. नोंद शंभर चिंचोक्यांची असून प्रत्यक्षात ८७ भरल्यास जवळ उभे असलेले मूल 'तीन, नव्वद, दहा, शंभर, तेरा गेले' असे लगेच सांगेल. त्याला पाटी देऊन तेच उभ्या मांडणीत, हातचे दाखवून, सुवाच्य अक्षरात लिहायला सांगावे आणि पाटीचे छायाचित्र काढून ते अहवालास जोडावे.