सुप्याची लष्करी पाहणी

भाचा दोन वर्षं फ्रान्सात काढून शिमग्याला सुप्यात आला, तो तट-बुरुजांशिवाय दुसरं बोलेना. ऱ्हाईनच्या काठी, जर्मनीच्या हद्दीला चिकटून, नफ-ब्रिझाक नावाचं चिमुकलं गाव आहे. चौदाव्या लुईचा किल्ले बांधणारा वोबाँ, त्यानं सतराव्या शतकाच्या अखेरीस ते सबंध गावच अष्टकोनी आखलं.

"वरून बघा मामा, कशी रांगोळी काढल्यासारखं दिसतंय." त्यानं मोबाईल माझ्या नाकाखाली धरला. "२००८ पासून युनेस्कोच्या यादीत आहे. तुम्ही म्हणता आपल्या सुप्यालाही लष्करी इतिहास आहे. मग दाखवायला काय आहे?"

आली का पंचाईत! मुळात सुपे दाखवायचं म्हणजे आधी कुठलं ते सांगावं लागतं. नगरकडे पारनेर तालुक्यात एक सुपा आहे, त्याला एमआयडीसी आहे, त्यामुळे आमची पार्सलं अधूनमधून तिकडे मुक्कामाला जातात. आमचं हे बारामती तालुक्यातलं, मोरगावच्या वाटेवरचं. परगण्याचं गाव! पुणे आणि सुपे ही जोडी शहाजीराजांच्या जहागिरीत एका दमात घेतली जायची. पुढे पुण्याचं काय झालं ते आपण बघतोच आहोत. आमच्याकडे अजून गाडी लावायला जागा मिळते.

"लढाई झाली होती का इथं?" भाच्यानं विचारलं.

"झाली ना. शिमग्याची पोस्त मागून झाली."

त्याला वाटलं मी थट्टा करतोय. पण सभासदाच्या बखरीत आहे ते. सुप्याचा कारभार संभाजी मोहित्यांकडे होता. तुकाबाईंचे भाऊ, म्हणजे शिवाजीराजांचे सावत्र मामा. भाचा ऐकेना, मामा जुमानेना. शेवटी शिमग्याच्या सणाला भाचा पोस्त मागायला म्हणून मामाकडे आला. आता सणासुदीला दारात आलेल्या भाच्याला कोण मामा अडवणार? मामा कैद, पागेतले तीनशे घोडे, पैसाअडका, कापडचोपड सगळं भाच्याच्या ताब्यात. ना वेढा, ना सुरुंग. वोबाँनं एवढे कोन मोजून तट बांधला, तरी १८७० साली जर्मनांनी तोफा लावून ते गाव घेतलंच. इथं नुसता हात पुढे केला आणि परगणा आला. मामांची रवानगी पुढे शहाजीराजांकडे कर्नाटकात झाली म्हणतात. सावत्र का होईना, मामा तो मामाच. मला त्या माणसाबद्दल पहिल्यापासून कळवळा आहे.

"आणि दुसरी लढाई?"

दुसरी १२ मे १८७५ची. तेव्हा गाव भीमथडी तालुक्यात होतं, सावकारांची पेठ होती. अमेरिकेत यादवी पेटली तेव्हा कापसाचा भाव चढला, सावकारानं हात सैल सोडला. यादवी मिटली, भाव बसला, वर सरकारनं सारा वाढवला. कुणब्याकडे राहिला तो खतावरचा अंगठा. त्या दिवशी आसपासच्या गावांतले शेतकरी सुप्यात जमले आणि त्यांनी सावकारांकडे मागितलं काय, तर वह्या आणि खतं. ती बाहेर ओढली आणि पेटवली. माणसांच्या अंगाला मात्र फारसा कुणी हात लावला नाही. राग कागदावर होता. सुप्याचं बघून पुणे-नगरकडची गावं पेटली, फौज काढावी लागली, चौकशीला कमिशन बसलं. १८७९ला कायदा झाला आणि कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणं जवळजवळ बंद झालं.

"म्हणजे," भाचा हिशेब मांडत म्हणाला, "पहिल्या लढाईतले घोडे शत्रू घेऊन गेला, आणि दुसरीतला पुरावा गावानंच जाळला."

"म्हणून तर दाखवायला काही नाही!"

हे त्याला पटलेलं दिसलं. मग म्हणाला, चिंकारा तरी दाखवा. मयूरेश्वर अभयारण्य इथून जवळच. पाचेक चौरस किलोमीटरचं माळरान, बाभळी आणि कुसळं. चिंकारा दिसला तर उन्हातली पिवळट रेघ हलल्यासारखा दिसतो. आपण बोट दाखवेपर्यंत रेघ पुसलेली असते. मी म्हटलं, ऊन फार आहे, मी नाही येत. माझी कंबर ऐनवेळी दुखायला लागते.

"बरं, मी एकटा जातो," असं म्हणत तो पाया पडायला वाकला. फ्रान्सात राहून पोरगं बिघडलं नाही म्हणून मला भरून आलं. मी आशीर्वादाला हात उचलला, तर त्यानं तळवा पुढे केला.

"मामा, पोस्त?"

मी हसलो. खिशातून शंभराची नोट काढायला गेलो, तर तिच्याबरोबर मोटारसायकलची किल्ली बाहेर आली. नोट माझ्याच हातात राहिली. किल्ली घेऊन स्वारी फाटकाबाहेर.

टाकी सकाळीच फुल केली होती. घरी आली तेव्हा काटा तळाला टेकला होता.

"चिंकारा दिसला का रे?"

"नाही मामा. पण पाटसपर्यंत जाऊन आलो."