कड, गाभा आणि पन्नाशी

माझ्या स्कीवर एकही ओरखडा नव्हता. पुण्यात असतो तर या नीटनेटकेपणाचं घरोघरी उदाहरण दिलं गेलं असतं. इथे अमेरिकेत, ब्रेकनरिजला, लिफ्टच्या रांगेत लोक आधी तुमच्या पायाखाली बघतात आणि मग, गरज वाटलीच तर, तोंडाकडे. रांगेत पंधरा-सोळा वर्षांची पोरं असतात. त्यांच्या स्कीच्या वरच्या थराचे टवके उडालेले, कडांना चिरा, जागोजागी वाळलेल्या इपॉक्सीचे ओघळ. त्यांच्यामध्ये मी आणि माझी चकचकीत जोडी. माझी लेकही त्याच पोरांतली. ती माझ्यापासून चार माणसं सोडून उभी राहते. हेल्मेट आणि गॉगल चढवला की बाप कुणाचा ते कळत नाही, हा या खेळाचा तिच्या लेखी सर्वांत मोठा फायदा.

तेव्हा ठरवलं, आता फ्रीस्टाइल स्की घ्यायची. पार्कातही चालेल आणि बाकीच्या डोंगरावरही, अशी. हे पार्क म्हणजे बाकडी आणि भेळवाले नव्हेत. इथे उड्या मारायला बर्फाचे उंचवटे रचलेले असतात आणि आडवं घसरत जायला लोखंडी रेल. रेलवर मी अजून गेलेलो नाही. पण रेलवर जाणाऱ्याची स्की पायात असणं आणि रेलवर जाणं यांत फार अंतर आहे असं मला वाटत नाही. बायकोला वाटतं. तिला मी एवढंच म्हणालो, "टिकाऊ हवी." मराठी घरात हा एक शब्द उच्चारला की खर्च मंजूर होतो, वस्तू कशाला हवी, हे मग कुणी विचारत नाही.

टिकाऊपणाचा अभ्यास मात्र मी मनापासून केला. स्कीत सगळ्यात आधी जाते ती कड. तळाच्या दोन्ही बाजूंना पोलादाची बारीक पट्टी असते. साध्या स्कीला दोन मिलिमीटरच्या आसपास, पार्कसाठी बनवलेल्या दणकट स्कीला अडीच. या अर्ध्या मिलिमीटरवरून माणसं तासन् तास भांडतात, आणि त्यांचं बरोबर आहे. उडी घेऊन रेलवर आडवं उतरलं की सगळा भार बुटाखालच्या पट्टीवर येतो. लोखंडावर पोलाद आपटतं आणि पट्टीला चीर जाते. एका चिरेने काही बिघडत नाही. शेजारी शेजारी दोन-तीन गेल्या की मधला तुकडा बाहेर डोकावू लागतो, फटीतून पाणी शिरतं, गोठतं, वितळतं, परत गोठतं, आणि लाकडी गाभ्यापासून थर सुटायला लागतात. म्हणून जाणकार लोक पाच-सहाशे डॉलर मोजून आणलेल्या कोऱ्या स्कीची बुटाखालची कड घरी आल्या आल्या कानशीने घासून बोथट करतात! बोथट कड रेलला अडकत नाही, आणि तिला चिराही कमी जातात. फक्त तीच स्की घेऊन सकाळच्या टणक उतारावर गेलात, की ती बर्फ धरायला नकार देते. पार्क आणि डोंगर यांचं खरं भांडण या चार बोटांच्या जागेत आहे. बाकी सगळी जाहिरात.

गाभा बहुतेकांचा लाकडाचाच. पॉप्लर आणि अ‍ॅस्पेन हलके, मेपल जड पण खमकं. पोर्टलंडची ऑन थ्री पी ही छोटी कंपनी गाभ्यात बांबू घालते आणि कडा जाड ठेवते, त्यामुळे मोडतोड करणाऱ्या मंडळींत तिला मान आहे. बांबूचं नाव ऐकून मला उगाच अभिमान वाटला. तळ दोन तऱ्हेचे. पॉलिथिलीनची भुकटी तापवून, दाबून केलेला तळ मेण पितो, पळतो आणि चिवट असतो. वितळवून ओढलेला स्वस्त असतो आणि खरवडला तर बुजवायला सोपा. कंबर ९५ मिलिमीटरच्या आसपास असली तर दोन्हीकडे निभतं. कंबर म्हणजे स्कीची. माझी विचारण्याचा प्रसंग दुकानात आला नाही.

आता वॉरंटी. इथे मला खरोखर संताप येतो. जाहिरातीत पोरगा रेलवर, पोस्टरवर पोरगा रेलवर. आणि कागदावर बारीक अक्षरात लिहिलेलं, की रेलवर किंवा दगडावर आपटून झालेलं नुकसान यात धरलेलं नाही. म्हणजे रेलचा फोटो छापून विकलेली वस्तू रेलवर नेली, की दोष नेणाऱ्याचा. लेकीची आधीची जोडी अशीच गेली. बुटाखालची कड वीतभर सुटून आली होती. तिने ती गॅरेजच्या भिंतीला टेकवली आणि म्हणाली, "बाबा, मजा आली पण." मी कंपनीला लांबलचक पत्र लिहायला बसलो. तिसऱ्या परिच्छेदात लक्षात आलं की मी कडेबद्दल लिहीतच नाहीये. ज्या आपटण्याने पोलादाला चीर गेली, त्याच आपटण्यात तिची नडगीही होती, आणि त्या हाडाची वॉरंटी मागायला पत्ता नाही. पत्र पाठवलं नाही.

जुनी जोडी घ्यावी का, हाही विचार झाला. हिवाळ्याच्या तोंडावर गावोगाव वापरलेल्या स्कींचे बाजार भरतात. तिथे एकेका जोडीला आधीच्या दोन-तीन मालकांनी बुटाला धरणारं बाइंडिंग बसवायला पाडलेली भोकं असतात. वस्तू इतक्या हातांतून फिरायची, तर तिच्यावर नाव का नसावं? लॉजच्या बाहेर रॅकवर शेकडो जोड्या उघड्यावर उभ्या असतात आणि सारखीच दिसणारी जोडी कुणी ना कुणी भलताच घेऊन जातो. त्यावर इथली माणसं केबलचं कुलूप विकत घेतात. आपल्याकडे हा प्रश्न भांड्यांच्या दुकानात केव्हाच सुटला होता.

पितळेच्या, नंतर स्टीलच्या प्रत्येक खरेदीनंतर दुकानाच्या पायरीवर बसलेल्या माणसाकडे जायचं. त्याच्या हातात नाव कोरणारं ते टर्र टर्र करणारं यंत्र. पैसे अक्षराप्रमाणे, त्यामुळे मराठी माणसाची काटकसर आणि कीर्तीची हौस यांची तिथे उघड कुस्ती व्हायची. माझ्या वडिलांनी स्वतःचं नाव तीन आद्याक्षरांत बसवलं. आईचा 'सौ.' मात्र कापू दिला नाही, दीड अक्षराचे पैसे पडले तरी. आत्याचे यजमान दिलदार; त्यांनी एका साध्या डब्याच्या झाकणावर 'वास्तुशांतीनिमित्त सप्रेम भेट' एवढं सगळं घालून घेतलं, आणि जागा संपल्याने 'भेट' काठावरून खाली उतरली. लग्नात आलेल्या पातेल्यांवर देणाऱ्याचं नाव, म्हणजे पुढच्या लग्नात ते पातेलं सरकवायची सोय नाही. आणि तरीही ती सरकवली जात. दोन नावं असलेला तांब्या मी स्वतः पाहिला आहे. डेन्व्हरच्या आमच्या स्वयंपाकघरात एक वाटी आहे, तिच्यावर आमच्या वाड्यातल्या शेजारीणबाईंचं नाव आणि '७४ साल. कधीतरी तिच्यातून आमच्याकडे चटणी आली असणार आणि वाटी परत द्यायची राहिली. बाई गेल्या. वाडा पाडून तिथे पार्किंगसह सात मजले झाले. त्या वाटीत मी रोज रात्री बदाम भिजत घालतो, आणि ठिपक्यांची ती अक्षरं अजून बोटाला लागतात.

तर मी लेकीच्या नव्या स्कीच्या शेपटाकडे देवनागरीत ठळक नाव घातलं. मार्करने; यंत्र इथे कुठे मिळायचं? तिने संध्याकाळपर्यंत त्यावर स्टिकर चिकटवला.

त्या स्टिकरची मी चौकशी केली नाही, पण एका रात्री तिनेच मला शेजारी बसवून एक फिल्म दाखवली. 'ऑल आय कॅन', २०११ सालची. त्यात ब्रिटिश कोलंबियातल्या साध्या गावांच्या रस्त्यांवरून, घरांच्या जिन्यांवरून, परसांतून एक माणूस स्कीवर हिंडत जातो. जे. पी. ऑक्लेर. दोन्ही टोकं वर वळलेली स्की आज कुणालाही मिळते, कारण १९९८ च्या सुमारास माइक डग्लस, ऑक्लेर आणि त्यांच्या कॅनडातल्या मित्रांनी हट्ट धरून सॅलोमनकडून 'टेन-एटी' करून घेतली. त्याच्या थोडं आधी, १९९५ मध्ये, जेसन लेव्हिन्थलने न्यूयॉर्क राज्यात 'लाइन' सुरू केली होतीच. मागचं टोकही वर वळवलं की उलटं उतरता येतं. एवढ्या एका वळणाने अख्खा खेळ बदलला. ऑक्लेरने पुढे २००२ मध्ये मित्रांबरोबर 'आर्माडा' काढली. सप्टेंबर २०१४ मध्ये अँडीज पर्वतात, चिली-अर्जेंटिनाच्या सीमेवर, तो हिमप्रपातात गेला. सदतीस वर्षांचा होता. फिल्म संपल्यावर लेक म्हणाली, "त्याच्या स्की कुठे असतील?" मी तिला झोपायला पाठवलं. उत्तर माझ्याकडे नव्हतं.

शेवटी जोडी घेतली. लांबी १७२, कंबर ९५, कडा जाड, बाजूच्या भिंती सरळ. बाइंडिंग अगदी मधोमध की थोडं मागे, यावर दुकानातल्या पोराने आणि मी गंभीर चर्चा केली. मधोमध बसवलं तर हवेत गिरक्या आणि उलटं उतरणं सोपं, मागे घेतलं तर भुसभुशीत बर्फात टोक वर राहतं. गिरक्यांचा आणि माझा संबंध लक्षात न घेता मी "मध्यापासून दोन सेंटिमीटर मागे" असं पटकन म्हणालो. ऐकायला ते फार अनुभवी वाटलं.

मग त्याने फॉर्म पुढे केला. वजन आणि उंचीवरून तक्त्यातली एक ओळ निघते. जपून जाणारा तो पहिल्या प्रकारचा, त्याची तीच ओळ. मधला, दुसऱ्या प्रकारचा, एक ओळ खाली. बेधडक जाणारा तिसऱ्या प्रकारचा, दोन ओळी खाली, म्हणजे बाइंडिंग आणखी घट्ट. लेक मागे स्टिकर चाळत होती. मी तिला दिसेल अशा बेताने तिसऱ्या चौकटीत खूण केली.

पोराचं बोट दोन ओळी खाली गेलं. मग त्याने माझं वय वाचलं आणि बोट एक ओळ वर आणलं. पन्नास आणि त्यापुढच्यांना एक ओळ वर, असा नियमच आहे.

"म्हणजे मी दुसऱ्या प्रकारचा झालो?"

"नाही, नाही, सर," तो घाईने म्हणाला, "कागदावर तुम्ही तिसऱ्याच प्रकारचे. फक्त पडलात तर बूट जरा लवकर सुटेल."