पहिलेपणाची पायपीट

सांतो दोमिंगोच्या जुन्या शहरातली पायी सहल म्हणजे पहिलेपणाची उजळणी. अमेरिका खंडातलं स्पॅनिशांचं पहिलं कॅथेड्रल, पहिलं इस्पितळ, पहिला फरसबंद रस्ता. कोलंबसाचा मुलगा दिएगो याच्या ऊसमळ्यावर १५२१च्या सुमारास गुलामांनी बंड केलं; नोंदल्या गेलेल्या अशा बंडांत तेही आद्य मानलं जातं. पण पर्यटक बघतात तो दिएगोचा वाडा. चौकातल्या पुतळ्याने तर कमालच केली आहे. वर कोलंबस बोट रोखून उभा आणि खाली इथल्या मूळ रहिवासी ताइनोंची अर्धनग्न राणी अनाकाओना चौथऱ्यावर चढून त्याची स्तुती लिहिते आहे! याच राणीला गव्हर्नर ओवान्दोने फासावर लटकवलं. त्याच्या घरात आता त्याच्याच नावाचं उंची हॉटेल आहे.

यावर ठरलेलं उत्तर येतं: त्या काळच्या माणसांना आजच्या मापाने मोजू नका. बरं, त्या काळचंच माप घेऊ. १५११ साली याच शहरात आंतोनिओ दे मोंतेसिनोस या स्पॅनिश धर्मगुरूने भर प्रवचनात वसाहतवाल्यांना खडसावलं, ही ताइनो माणसं नाहीत का? श्रोत्यांत दिएगोही होता. म्हणजे कळत सगळं होतं, सोडवत नव्हतं. सुट्टीवर आलेल्याच्या डोक्याला हा ताप कशाला, असंही कुणी म्हणेल. पण सुट्टीतच पाहायला नेता ना फाशी देणाऱ्याचं घर? मोंतेसिनोसचा प्रचंड पुतळा समुद्रकाठी आहे, ओरडण्यासाठी हात तोंडाशी नेलेला. जुन्या शहरातून चालत जाता येतं. गाइडला तिथेही न्यायला सांगा.